दात दिसणारा फोटो

त्या प्लेटला आमच्या घरात जागा मिळता मिळेना. तळहातात मावेल एवढी गुलाबी वस्तू, पुढून एक तार गेलेली, टाळूला चिकटून बसणारी. देवाच्या फळीवर ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. ओट्यावर नको, कपाटात नको, दप्तरात पुस्तकांबरोबरही नको, कारण पुस्तकं म्हणजे सरस्वती आणि प्लेट म्हणजे तोंडातून काढलेली, उष्टी. शेवटी आत्याने प्रवासात चटणी न्यायची एक जुनी स्टीलची डबी तिच्यासाठी काढली आणि मोरीच्या खिडकीत, दंतमंजनाच्या शेजारी ठेवली. डबीला हात लावला की हात धुवायचे. प्लेट जपा, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्याकडे ती अशी जपली जात होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं. पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि घरी आली की तिच्या पदराला भाजक्या पिठाचा आणि साखरेचा वास यायचा. आम्ही तिघं कांदिवलीला दोन खोल्यांत राहायचो. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते साकीनाक्याला एका लेथच्या वर्कशॉपमध्ये जायला लागले. तिथून ते हातांना काळं तेल आणि तोंडाला कुलूप लावून परत यायचे. आई नव्हती. मी सातवीत असताना तिला कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग हॉस्पिटल झालं आणि मग ती गेली.

आई गेली त्या दिवशीचं मला सगळं आठवतं आणि त्यात मी कुठेच नाही. दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच पडली होती, ती कोण आत आणणार असा विचार मी करत होते. बिल्डिंगमधल्या बायका आणि गाववाल्या बायका मला मध्ये घेऊन बसल्या होत्या. पोरीला रडवा, नाहीतर आत साचून राहील, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. एकीने माझा दंड हलवला, एकीने चिमटासुद्धा काढला. त्यांचा हेतू चांगला होता. मी चिमट्याकडे बघितलं. मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

आत्याने मला एकदाही रड म्हटलं नाही. तिची नजर दुसरीकडे लागली होती, ते कळलं तेराव्याला. पंगत बसली होती, आत्या भात वाढत होती, मी मीठ वाढत होते. नात्यातल्या एका म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, पोर अगदी आत्यावर गेलीय गो. म्हातारी वाईट नव्हती, दुःखाच्या घरात काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली. आत्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. उरलेल्यांना भात मी वाढला.

आत्यावर गेलीय म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घराण्याचे दात. वरची ओळ छपरासारखी पुढे आलेली, खालचा जबडा मागे, ओठ मिटायला थोडी खटपट करावी लागणारी. बाबांचेही तसेच होते, पण बाबांना मिशी होती आणि ते पुरुष होते. आत्याला तरुणपणी बरीच स्थळं आली. येणारे पोहे खायचे, चहा प्यायचे आणि कळवतो म्हणून जायचे. तिचा एक फोटो घरात होता, पार्ल्याच्या एका स्टुडिओत काढलेला. त्यात तिने ओठ इतके घट्ट आवळले होते की ती कुणावर तरी चिडलीय असं वाटावं. ती खरं म्हणजे गमतीची बाई होती. कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करायची तेव्हा बाबासुद्धा हसायचे. ती स्वतः हसायची ते पदर तोंडाला लावून. बोलतानाही हात तोंडापाशी असायचा. मी तिच्या मांडीवर वाढले म्हणायला हरकत नाही, पण तिचे दात मी कधी पूर्ण बघितले नव्हते.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत तिने बाबांना सांगून टाकलं की पोरीच्या दातांना तार लावायची. तिच्या कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तारवाले डॉक्टर येतात, ती विचारून आलीय, आणि खर्च ती बघेल. बाबांनी मान हलवली. त्या काळात ते कशालाही मान हलवत होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी मानच हलवली असती, घरात दुसरं काही चालतच नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरून माझ्या तोंडात दाबला आणि श्वास नाकाने घ्यायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्या मापावरून केलेले पांढऱ्या प्लास्टरचे दात टेबलावर ठेवलेले होते. डॉक्टर त्यांच्यावर पेन्सिल फिरवून आत्याला समजावत होते की जबड्यात जागा कमी आहे, वरचे दोन आणि खालचे दोन दात काढावे लागतील, मग बाकीचे मागे ओढता येतील. आत्या ऐकत नव्हती. तिने ते प्लास्टरचे दात उचलून हातात घेतले, फिरवून बघितले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे माझे."

दात काढायच्या दिवशी इंजेक्शन दिलं. आधी ओठाला मुंग्या आल्या, मग गाल जड झाला, मग तो गाल माझा राहिलाच नाही. डॉक्टरांनी चिमट्यासारखं काहीतरी आत घातलं, कडकड आवाज झाला तो मला कानाच्या आतून ऐकू आला, आणि चांगला धडधाकट दात ट्रेमध्ये पडला. दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, तासादोन तासांनी बधिरपणा जाईल, तोवर काही खाऊ नकोस, ओठ चावला जाईल आणि कळणार नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या ओळखीचं आहे. आई गेल्यापासून मी असंच होते. फक्त ते कधी जाईल ते कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाताना मी ओठ चावलाच. रक्त हनुवटीवर आलं तेव्हा आत्याने तिच्या रुमालाने पुसलं. काढलेले दात तिने मागून घेतले होते. कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून तिने ते गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत, मातीत खोल दाबले.

मग तारा आल्या. प्रत्येक दाताला स्टीलची पट्टी, पट्टीतून तार, मागे ओढायला बारके रबर. दर महिन्याला डॉक्टर तार आवळायचे आणि पुढचे काही दिवस दात हातात येतील असे ठणकायचे. शाळेत मला जे म्हणायचं ते म्हणून झालं, पोरं दुसऱ्या कुणाच्या मागे लागली. दातांचा ठणका मला चालत होता. निदान कुठे दुखतंय ते सांगता येत होतं. आत्या कामावरून आली की माझ्यासाठी वेगळी पेज शिजवायची. मासे असले की बांगड्याचे काटे बोटांनी चाचपून काढायची, मांस कुस्करायची आणि पेजेत कालवून वाटी माझ्यापुढे सरकवायची. "दुखता काय गो?" एवढंच विचारायची. मी हो म्हटलं की तिला जरा बरं वाटत असावं. त्या काळात मी कशालाच तोंडाने हो म्हणत नव्हते.

अकरावीत असताना तारा निघाल्या. आरशात एक अनोळखी मुलगी होती, ओठ सहज मिटलेले. मला वाटलं होतं की काहीतरी वाटेल. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, झकास. आत्याने संध्याकाळी गोडाचा शिरा केला आणि मग सांगितलं की बारावीची परीक्षा झाली की स्टुडिओत जायचं, फोटो काढायचा, आणि तो हसून काढायचा, दात दिसले पाहिजेत. आमच्या घरातल्या एका तरी बाईचा तसा फोटो असायला हवा, असं ती म्हणाली. एवढीच तिची इच्छा होती. एवढ्यासाठीच ती ओव्हरटाइम करत आली होती, ते मला त्या दिवशी समजलं.

डॉक्टरांनी ती प्लेट दिली आणि नीट बजावलं. दात नवीन जागी आलेत, पण जुन्या जागेची त्यांना ओढ असते, वर्षभर तरी ही घालायची, रात्रंदिवस, फक्त जेवताना काढायची. आत्याने मान डोलावली. तिला अडचण दिसत होती ती वेगळीच. रात्रंदिवस तोंडात काहीतरी असणं म्हणजे रात्रंदिवस तोंड उष्टं. सोमवारी उपास असतो त्याचं काय? तिने दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की प्लेटला चव नाही, ती गिळायची नाही, सबब उपास मोडत नाही. पण प्लेट घालून देवाला हात लावायचा नाही आणि नैवेद्याच्या भांड्यांना तर नाहीच. मला हे सगळं मान्य होतं. मी दिवसातून दहा वेळा हात धुवायला लागले.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. मोदक आई करायची. आई गेल्यावर एक वर्ष गणपती आणला नाही, मग शेजारच्या काकी मोदक करून द्यायच्या. मी बारावीला गेले त्या वर्षी आत्या म्हणाली की आता मोदक घरच्या मुलीने करायचे. नैवेद्याचं करताना तोंडात प्लेट नको, म्हणून पहाटे आंघोळीच्या आधी मी ती काढून डबीत ठेवली आणि ओल्या केसांनी ओट्याशी उभी राहिले. उकड काढली, सारण केलं. आईच्या हाताखाली लहानपणी पारी वळायला शिकले होते, ती बोटांना आठवली. कळ्या पडत गेल्या. आईचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला, पण तिची बोटंच आठवत राहिली.

आरतीच्या आधी आत्या माझ्यापाशी आली. नव्या लुगड्यात होती, चेहरा खुललेला. तिच्या हातात ती डबी होती, स्वच्छ घासलेली. ती सांगायला लागली की सणाच्या दिवशी मी आरतीला बिनप्लेटची राहावं आणि दात सरकावेत हे तिला बरं वाटेना, आणि उष्टी प्लेट घालून देवापुढे उभं राहणंही बरं दिसेना. म्हणून तिने मार्ग काढला होता. एका वेगळ्या टोपात पाणी ठेवलं, त्यात तुळशीची पानं टाकली आणि प्लेट त्यात चांगली खळखळ उकळून काढली. आता ती शुद्ध होती. आता देवापुढे चालेल.

मी डबी उघडली. प्लेटला तुळशीचा वास येत होता. मधला गुलाबी भाग वाकला होता, एक कडा वर वळली होती. मी ती तोंडात घातली. ती टाळूला लागली नाही, एका बाजूने उचलली गेली, तार दातांपासून सुटून ओठात रुतली. जिभेने दाबली तरी डुगडुगत होती. आत्या माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, हात नेहमीसारखा स्वतःच्या तोंडापाशी.

"बसली मां?" तिने विचारलं.

"बसली," मी म्हटलं.

मग आरती झाली. मी प्लेट दातांनी धरून ठेवली होती, त्यामुळे मला आरती म्हणता आली नाही.

विसर्जनानंतर मी एकटी पार्ल्याला दवाखान्यात गेले. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर आखातात नोकरीला गेले, दिवाळीनंतर दुसरे कोणी येतील, येऊन बघ. दिवाळीनंतर गेले, कोणी आलं नव्हतं. दुसरे तारवाले डॉक्टर कुठे बसतात ते त्याला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तर आधी घरी सांगायला हवं होतं, आणि घरी काय सांगणार? इतकी वर्षं जिने काटे काढून पेज भरवली, तिला सांगायचं की तूच उकळलीस? तसं सांगायला तोंड उघडेना. मी रोज प्लेट घालत राहिले. आत्या कामावर गेली की काढायची, ती यायच्या वेळेला घालायची. ओठाच्या आत जिथे तार रुतायची तिथे घट्टा पडला.

दात परत निघाले. घाईने नाही, ते आपले सावकाश सरकत होते. आधी सुळ्याच्या मागे बारीक फट पडली, मग पुढचे दोन खालच्या ओठावर टेकायला लागले. बाबा संध्याकाळच्या मंद दिव्यात माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा ताटाकडे बघायचे. आत्या पहाटे जायची, दिवेलागणीला यायची. जो माणूस रोज दिसतो त्याच्यातला फरक दिसत नाही हे खरं. शिवाय मी ओठ मिटून हसायला शिकले होते. कॉलेजातल्या एका मैत्रिणीने एकदा विचारलं, तू बोलताना सारखा तोंडावर हात का घेतेस गं? मला माहीतच नव्हतं की मी घेते.

परीक्षा संपली. तेवढ्यात गावाहून काकांचा निरोप आला की मुलीचा फोटो पाठवा, एक स्थळ आहे. आत्याने रजा घेतली आणि आम्ही पार्ल्याच्या त्याच स्टुडिओत गेलो. तिने मला आपली मोरपंखी साडी नेसवली होती. स्टुडिओवाला म्हातारा झाला होता, कॅमेरा मात्र नवा होता. त्याने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर करायला सांगितली, दिवे लावले. आत्या त्याच्या मागे उभी राहून म्हणाली की हसता फोटो पाहिजे, दात दिसणारा. मी प्लेट पर्समध्ये ठेवली होती. मी ओठ उघडले.

त्याने कॅमेऱ्यातून बघितलं. मग डोकं वर केलं आणि अगदी सौम्यपणे, एखाद्याला त्याचं बटण उघडं राहिलंय ते सांगावं तसं म्हणाला, "बेबी, जरा ओठ मिटून घे. चेहरा छान येईल."

आत्याने ते वाक्य ओळखलं. तिला ते त्याच जागेवर, त्याच माणसाने सांगितलेलं होतं. ती दिव्यांच्या मधून माझ्यापाशी आली आणि तिने माझी हनुवटी धरली. मला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. मी तोंड उघडलं. तिने सगळे दात बघितले, ती फटसुद्धा, ओठाच्या आतला घट्टासुद्धा.

"कधीपासून गो?"

"गणपतीपासून."

आणखी काही सांगावं लागलं नाही. तिने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांपुढे तो टोप आणि ती तुळशीची पानं आली असणार. "माझ्याच हातान झाला," ती म्हणाली. नाही म्हणावं असं मला वाटलं, पण ते खरं होतं, आणि ती खोटं ऐकून घेणारी बाई नव्हती. मी तिचा हात धरला. स्टुडिओवाला उगाच दिव्याची मान फिरवत होता.

मग तिने नाक पुसलं आणि ती पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. तिने स्टुडिओवाल्याला सांगितलं, "तोंड मिटूचा नाय. असाच काढा." तो काही बोलणार होता, पण तिच्याकडे बघून त्याने पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. मी ओठ उघडले, पण हसू काही येईना. माझा चेहरा लाकडाचा झाला होता. ते तिला दिसलं. तिने तोंडापासचा हात खाली घेतला, पदर खांद्यावर मागे टाकला, आणि मला शिकवायला म्हणून हसली. तोंड पूर्ण उघडून. पुढे आलेले, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले ते सगळे दात मी पहिल्यांदा बघितले. डोळ्यांतून तिच्या पाणी गळत होतं आणि ती मुकादमाची नक्कल करताना हसायची तशी हसत होती.

माझ्या गालाला मुंग्या आल्या. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, मोठ्याने, त्या परक्या माणसासमोर, साडीचा पदर ओला होईपर्यंत. आईचा चेहरा मला आठवला. स्टुडिओवाल्याने हसण्याच्या क्षणी बटण दाबलं होतं, रडण्याच्या आधी.

तो फोटो आम्ही गावाला पाठवला. त्या स्थळाकडून काही कळवलं नाही. दुसरी प्रत आत्याने आपल्या आवळल्या ओठांच्या फोटोशेजारी भिंतीवर लावली. पुढे माझं लग्न झालं, यथावकाश, दातांसकट. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. घरी येणारी माणसं माझा फोटो बघून विचारतात, एवढी खुशीत कुणाकडे बघतेयस? मी सांगते, माझ्या आत्याकडे. आणि ती फोटोत कुठे आहे म्हणून माणसं शोधायला लागतात.